रडण्यातलं बोलणं

लेखक व्हायचंही शिक्षण असतं, हे सत्यशीलाच्या बापाच्या, कारभारीच्या, गळी उतरायलाच बरेच दिवस लागले. डॉक्टर शिकून होतो, मास्तर शिकून होतो, पण गोष्टी लिहायला शिकवणारे लोक पगार घेतात म्हटल्यावर तो नुसता बघत राहिला होता. शेवटी लेकीचा हट्ट बघून म्हणाला, की शिक बाई, पण दोन वर्षांत काय ते संपव. सत्यशीलानं तेव्हा आनंदानं मान डोलावली. दोन वर्षं म्हणजे तिला केवढी तरी वाटली होती.

आता दुसऱ्या वर्षाची अखेर तोंडावर आली होती आणि पोरीच्या पदरात धड काही नव्हतं. विद्यापीठातल्या त्या एम.ए.ला शेवटी स्वतःचं एक पुस्तक लिहून द्यावं लागे. सर्जनशील लेखनाची हीच परीक्षा. सत्यशीलानं आधी कादंबरीला हात घातला. मार्गदर्शक मॅडमनी पहिली प्रकरणं वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, हे तू कुठंतरी वाचलेलं आहेस. मग तिनं कथा लिहायला घेतल्या. त्या मासिकांकडून परत यायच्या, काही तर परत यायचेही कष्ट घेत नसत. एका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षिसं खिरापतीसारखी वाटली, त्यातही तिचं नाव नव्हतं. त्यात विभागात कुजबुज सुरू झाली, की पोरं मिळत नाहीत म्हणून पुढच्या वर्षी हा अभ्यासक्रमच बंद होणार. म्हणजे यंदा जी राहिली ती कायमचीच राहिली. घरी आष्टीला थोरले चुलते आबाराव स्वतःच्या लेकीसाठी, मोनिकासाठी, स्थळं बघत होते, आणि बघतोच आहे तर हिच्यासाठीही बघतो, असं त्यांनी कारभारीला सांगून टाकलं होतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

या सगळ्यात एकच गोष्ट तिला जमली होती. 'परतपाठवणी' नावाची तिची कथा एका दिवाळी अंकात छापून आली. मॅडमनी ती वर्गात मोठ्यानं वाचली आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बसला. ही कथा मध्यभागी ठेव, बाकीचं हिच्याभोवती रच, म्हणजे पुस्तक होईल, असं त्या म्हणाल्या. सत्यशीला त्या दिवशी वसतिगृहात जाऊन पोटभर जेवली. पुष्कळ दिवसांनी जेवली होती.

ती कथा पुष्पाबाईची होती. पुष्पाबाई म्हणजे तिची धाकटी आत्या, आबाराव आणि कारभारीची बहीण. नवरा मारायचा. दोन खेपा ती गाठोडं घेऊन माहेरी आली आणि दोन्ही खेपा भावांनी तिला वट्यावर बसवलं, चहा पाजला, खणानारळानं ओटी भरायला लावली आणि सासरी नेऊन सोडली. नांदती लेक घरी येऊन बसली तर मागच्या पोरींची लग्नं कशी व्हायची, असं आबारावांचं म्हणणं. दुसऱ्या खेपेनंतर पुष्पाबाई फार जगली नाही. ताप अंगावर काढला, असं सासरच्यांनी कळवलं. आता कुठला ताप आणि कोणाच्या अंगावर, ते त्या घरालाच ठाऊक.

अग्नी देऊन सगळे आष्टीला परतले. मागोमाग थोरली आत्या झुंबरबाई आली. ती या दोन्ही भावांहून वडील, केदारखेड्याला दिलेली. अंगणात पाय ठेवला आणि तिनं सत्यशीलाच्या आईच्या, तुळजाबाईच्या, गळ्यात पडून हेल काढला.

आमच्याकडं बायका मुक्यानं रडत नाहीत. बाई बाईच्या गळ्यात पडते आणि सुरात रडते, आणि त्या सुरात शब्द असतात. गेलेल्या माणसाचा सगळा जन्म त्यात येतो, काय खायला आवडायचं इथपासून कोणी छळलं इथपर्यंत. ज्याचं नाव घ्यायचं त्याचं घेतात, मग तो समोर का बसलेला असेना. चांगले मिशीवाले गडी खाली मान घालून ऐकून घेतात. मग कोणीतरी पाण्याचा तांब्या आणून देतं, बाई चूळ भरते, तोंडावर पाणी मारते, आणि तिथं ते संपतं. त्यातलं अक्षर पुन्हा कोणी काढायचं नाही. रडण्यातलं बोलणं धरायचं नसतं, एवढाच कायदा. आजोबांची पिढी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायची तेव्हापासून तो चालत आला होता, आणि कोणी तो मोडल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. घरात सुनेनं, बहिणीनं, आईनं खरं बोलायची तेवढीच एक जागा होती.

झुंबरबाईनं त्या दिवशी भावांना सोडलं नाही. "माझ्या पुष्पे गं, भावाच्या वट्यावर पाव्हणी झालीस गं बाई," ती रडत होती, "च्याचा कप अर्धा ठिवून उठलीस गं, येशीपस्तोर मांगं पाहत गेलीस, कोणी थांब म्हणलं न्हाई गं... आबाच्या गाडीवर बसून मरणाला गेलीस गं माझे बाई..." आबाराव गुडघ्यात डोकं घालून बसले होते. कारभारीनं उपरण्यानं तोंड झाकून घेतलं होतं. ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं असं ते रडणं होतं. आणि दोन-तीन दिवसांनी याच भावांनी झुंबरबाईला लुगडं नेसवलं, पाया पडले आणि बसमध्ये बसवून दिलं. कोणाच्या मनात काही राहिलं नाही.

राहिलं ते सत्यशीलाच्या मोबाइलमध्ये. तिचे डोळे भरून आले होते हे खरं, पण हात ओढणीखाली गेला आणि बोटानं रेकॉर्डिंग सुरू केलं. शब्द वाया जाऊ नयेत, एवढंच माझ्या मनात होतं, असं ती पुढं स्वतःला पुष्कळदा सांगत राहिली. कथेतलं सगळं रडणं तिनं तिथूनच उतरवलं होतं, जसंच्या तसं. मॅडमचा आवाज जिथं बसला ती जागाही झुंबरबाईचीच.

दिवाळी अंक शहरातले लोक चाळतात आणि ठेवून देतात, अशी तिची समजूत. पण आष्टीच्या शाळेतल्या एका मास्तरांनी तो वाचला, आपल्या गावची पोरगी म्हणून कौतुकानं पानांचे फोटो काढले आणि व्हॉट्सअॅपवर टाकले. आठवडा जायच्या आत वट्यावरच्या अर्ध्या कपासकट सगळी गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत फिरली. मोनिकाचं जवळजवळ ठरलेलं स्थळ मोडलं. ज्या घराची अशी छी-थू छापून येते, तिथं सोयरीक नको, असा निरोप आला.

आबारावांनी घर डोक्यावर घेतलं. पण त्यांचा राग सत्यशीलावर नव्हता, आणि इथंच खरा घोटाळा झाला. रडण्यातलं बोलणं कोणी उचलून नेऊ शकतं, हे त्या माणसाच्या डोक्यातच येईना. जे कोणी कधी केलंच नाही ते येणार तरी कसं? त्यांनी सरळ हिशेब मांडला, की हे सगळं झुंबरबाईनं पोरीला नंतर बसून सांगितलं असणार, कोरड्या तोंडानं, मुद्दाम, भावांची अब्रू जावी म्हणून. रडून बोलली ते आम्ही ऐकून घेतलं, पण कोरड्या तोंडानं सांगितलं ते वैर झालं, असं ते म्हणाले. पोरगी काय, लेकरूच, जसं भरवलं तसं तिनं लिहिलं. झुंबरबाईला फोन गेला आणि तिचं माहेर बंद झालं.

सत्यशीला तेव्हा तिथंच उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं असतं तर शिक्षण त्याच दिवशी संपलं असतं, म्हणून तिनं ते गिळलं. आज बोलू, उद्या बोलू, पुस्तक एकदा दिलं की बोलू, असं करता करता थंडी सरली.

मग मॅडमनी सहज विचारलं, की हे रडणं तू कसं रचलंस? तिनं तिथं मात्र खरं सांगून टाकलं. मॅडम गंभीर झाल्या. जिवंत माणसाचे शब्द जसेच्या तसे घ्यायचे तर त्या माणसाची लेखी संमती लागते, असा विभागाचा नियम होता. संमती आण, नाहीतर कथा काढ. कथा काढली तर उरतं ते पुस्तक म्हणून मी पुढं पाठवू शकत नाही, असंही त्या म्हणाल्या. महिनाअखेरीला सगळं द्यायचं होतं.

म्हणून ती केदारखेड्याला गेली.

झुंबरबाई अंगणात हरभरा पाखडत होती. एकटीच आलीस का, एवढं तिनं विचारलं आणि सूप खाली न ठेवता पाण्याच्या घागरीकडं बोट केलं. एवढ्या काळानं भेटलेल्या भाचीला जवळ घ्यायला तिनं हात काही पसरले नाहीत. सत्यशीलानं पाणी घेतलं, चहा स्वतःच करून घेतला, आत्यालाही दिला. शब्द जुळवून आणले होते ते सगळे विस्कटले आणि तिनं एका दमात, खाली बघत, कागदाचं सांगून टाकलं.

झुंबरबाई बोलली ती हरभऱ्याकडं बघूनच.

"आबाचा फोन आल्ता. म्हणला, तू पोरीला सांगितलं का? मी म्हणलं, न्हाई. म्हणला, मंग तिला सपनात दिसलं का? मला तव्हाच कळलं तू काय केलं ते. गप बसले."

"का गप बसलीस, आत्या?"

"तुझं नाव घेतलं असतं तं तुझी शाळा बंद केली असती त्यानं. एक पोरगी घालवली, आनिक एक कशाला?"

सत्यशीलाला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. आत्यानं दोन मुस्कटात ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती काहीतरी पुटपुटली, चुकलं, असं काहीतरी. झुंबरबाईनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"संक्रांतीच्या आदी माझी जाऊ गेली," ती म्हणाली. "सारा जलम एका चुलीवर काढला आम्ही. बाया आल्या, मी तिच्या लेकीच्या गळ्यात पडले, तोंड उघडलं, अन आवाजच न्हाई. सगळ्या माझ्याकडं पाहून राह्यल्या. दहा गावच्या मयतीला मला बोलावून नेत व्हते, अन माझ्याच घरात मी मुकी. मला वाटून राह्यलं व्हतं, हितंबी कोणाच्या ओढणीखाली ते चालू असंल."

मग तिनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि कागद मागितला. बचत गटात सही करायला शिकली होती ती. जीभ दाताखाली धरून तिनं एकेक अक्षर काढलं. सत्यशीला तो कागद हिसकून घेऊन फाडून टाकू शकली असती. तसं तिच्या मनातही आलं. पण सही पूर्ण झाली तेव्हा तिनं तो घेतला, जपून घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

निघताना झुंबरबाईनं विचारलं, की परवा पुष्पीचं वर्षश्राद्ध तुमच्याकडंच ना? पुष्पाबाईच्या नवऱ्यानं दुसरं लग्न करून हात झटकले होते, तुमचं तुम्ही बघा म्हणाला होता, म्हणून भाऊच वर्षश्राद्ध घालत होते. जिवंतपणी जिला वट्यावरून उठवलं, तिला मेल्यावर पानावर बोलवायला निघाले होते. सत्यशीला हो म्हणाली. मला बोलावणं न्हाई, तर माझ्या वाटचा निवद तू दाखव, तिला गुळातल्या शेवया आवडायच्या, एवढं सांगून झुंबरबाई पुन्हा सुपाकडं वळली.

परतीच्या वाटेवर सत्यशीला जुन्या जालन्यात उतरली. धान्याच्या आडतीमागच्या गल्लीत एक झेरॉक्सवाला होता, त्याच्याकडून तिनं पुस्तकाच्या प्रती काढून बांधून घेतल्या. संमतीचा कागद जिथं लावायचा तिथं लावला. निळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात तिचं नाव. दोन वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते हातात होतं आणि बरंच जड लागत होतं. आता श्राद्धाचा दिवस घरी काढायचा, दुसऱ्या दिवशी विद्यापीठात जाऊन प्रती टेबलावर ठेवायच्या, की वर्ष वाचलं. तेवढा एक दिवस तोंड मिटून राहायचं होतं. आजवर राहिलीच होती की.

श्राद्धाला सोयरे सकाळपासून यायला लागले. अंगणात मांडव घातला होता, चुलीवर डाळ शिजत होती. तुळजाबाईनं शेवया केल्या होत्या, पण त्या कोणी सांगितल्या हे सत्यशीलानं आईला सांगितलं नाही. बायका आल्या, गळ्यात पडल्या, पण रडणं काही रंगेना. रडणं रंगेना म्हणणं बरं दिसत नाही, पण खरं तेच. एक शेजारची म्हातारी बोलून गेलीच, की थोरली असती तर पुष्पीला तिचं माप मिळालं असतं.

आबाराव वट्यावर बसले होते, त्यांनी ते ऐकलं. उठून उभे राहिले. एवढ्या सोयऱ्यांदेखत सांगतो, असं म्हणून त्यांनी सांगितलं, की झुंबरबाईचं नाव या घरात पुन्हा निघायचं नाही. भाऊ तिला मेले. तिच्या मरणाला आम्ही जाणार नाही आणि आमच्या मरणाला तिनं येऊ नये. सोयरे माना हलवत होते, कोरड्या तोंडाची बाई, घरभेदी, असं कोणीतरी म्हणालं.

चुलीपाशी उभ्या असलेल्या सत्यशीलाच्या कानात झुंबरबाईचं सूप वाजायला लागलं. ती काय करते आहे हे तिचं तिलाच कळत होतं, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. भावनेच्या भरात वगैरे काही झालं नाही. खरं बोलल्याशिवाय तिला आता जगता येणार नव्हतं आणि पुस्तकही सोडवत नव्हतं, आणि या दोन्हींच्या मधून जाणारी एकच वाट तिला दिसली. रडण्यातलं बोलणं कोणी धरत नाही. ती पुढं झाली आणि तुळजाबाईच्या गळ्यात पडली.

आयुष्यात ती कधी सुरात रडली नव्हती. आवाज फाटला, सूर कुठच्या कुठं गेला, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "पुष्पाआत्या गं, तुझ्यावरचं रडणं मी चोरलं गं... ओढणीखाली मोबाइल व्हता माझ्या, आत्या गं... झुंबरआत्यानं कोणाला काही सांगितलं न्हाई गं, ती रडली ते मीच उचलून नेलं... माझ्यापायी मुकी झाली गं ती, तिचं माहेर मी तोडलं गं..." तुळजाबाईनं आधी तिची पाठ थोपटली, मग तिचा हात थांबला, मग तो तिनं लेकीच्या तोंडावर ठेवू पाहिला. सत्यशीलानं तोंड बाजूला घेतलं आणि सगळं संपवलं, कागदापर्यंत, सहीपर्यंत.

शेजारच्या म्हातारीनंच शेवटी तांब्या पुढं केला, कारण रडणं झालं की पाणी द्यायचं असतं. सत्यशीलानं चूळ भरली. तोंडावर पाणी मारलं. किती महिन्यांनी छाती मोकळी झाली होती. बायकांनी डोळे पुसले, एकजण पंक्तीचं बघायला उठलीसुद्धा.

"थांबा," आबाराव म्हणाले.

ते वट्यावरून खाली उतरले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. चेहरा उतरला होता, एकाएकी म्हातारे दिसत होते. पुतणीसमोर येऊन उभे राहिले.

"रडण्यातलं धरायचं न्हाई, हे आपल्या बापजाद्यापसून चालू हाय. झुंबरअक्कानं तोंडावर मला मारेकरी म्हणलं, तरी मी धरलं न्हाई. तू धरलंस. धरून छापलंस. मंग आता तो कायदा तुझ्यासाठी कुठून आणू? तू रडून बोललीस, अन मी ते धरलं."

कोणीतरी, असू द्या, लेकरू हाय, असं म्हणायला हवं होतं. म्हातारी होती, मामा होते, चार गावचे शहाणे लोक होते. कोणी म्हणालं नाही. म्हणायला कोणाकडं काही उरलंच नव्हतं, कारण आबाराव चुकीचं बोलत नव्हते. सत्यशीलालाही ते कळलं, आणि सगळ्यांत जास्त तिलाच कळलं.

आबारावांनी हात पुढं केला. तिनं मोबाइल दिला, त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला. मग कारभारी पहिल्यांदा बोलला. उद्यापासून जाणं-येणं बंद. सत्यशीला बापाच्या मागं घरात गेली, हात जोडले, म्हणाली, की पुस्तक बांधून तयार आहे, कागदावर आत्याची सही आहे, फक्त नेऊन द्यायचं आहे, एक दिवस द्या. नंतर तुम्ही म्हणाल तिथं लग्न करीन. यंदा नाही दिलं तर पुन्हा कधीच नाही. आयुष्यात तिनं कोणापुढं इतकी गयावया केली नव्हती.

"कोणाचं पुस्तक?" कारभारीनं विचारलं.

त्यानं काही खोचक म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच उत्तर हवं होतं, आणि तो थांबलाही थोडा वेळ. तुळजाबाईनं निळ्या प्रती उचलल्या आणि ट्रंकेत, गोधड्यांच्या खाली घातल्या. चावी कमरेला लावली.

आबाराव एकटेच रस्त्याच्या कडेला जाऊन फोनवर बोलत होते. आतून नुसती पाठ दिसत होती, आणि ती पाठ गदगदत होती. अक्का, ये, मी चुकलो, आम्ही पंगत धरून बसलोय, असं ते म्हणाल्याचं नंतर मोनिकानं सांगितलं. मोनिका सांगताना सत्यशीलाकडं बघत नव्हती.

पंगत वाढली नाही. सोयरे उन्हं कलेपर्यंत उपाशी बसून राहिले, पण एकही उठून गेला नाही. सत्यशीलाला चुलीपाशी बसवलं होतं. तिला कोणी काम सांगत नव्हतं आणि जा असंही म्हणत नव्हतं. पुढच्या वर्षी या वेळी आपण कुठल्या गावात, कोणाच्या चुलीपाशी असू, याचा ती विचार करून बघत होती आणि काहीच दिसत नव्हतं. एवढंच तिला पक्कं ठाऊक होतं, की झुंबरआत्या येईल, तिला तिचं माहेर मिळेल आणि तेवढं तरी आपल्या हातून झालं. त्या एका गोष्टीला धरून ती बसली होती.

झुंबरबाई आली. भाऊ वेशीपर्यंत आणायला गेले होते, दोघांच्या मधून ती चालत आली. अंगणातल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. तुळजाबाई हात पसरून पुढं झाली. झुंबरबाईनं तिच्या खांद्यावर हात टाकले, मान टेकवली, तोंड उघडलं.

आणि मिटलं. तिची नजर चुलीकडं गेली होती. त्या नजरेत राग नव्हता. दारातल्या अनोळखी कुत्र्याकडं बघावं तशी, जराशी भ्यालेली नजर होती ती.

"तुळजे," झुंबरबाई हळूच म्हणाली, "हिला आत ने. मंग रडते."

सत्यशीला कोणी न्यायच्या आधी आपणच उठली. मोबाइल माझ्याजवळ नाही, तो मोठ्या बाबांच्या खिशात आहे, हे तिला सांगायचं होतं. पण आत्या ज्याला भ्याली होती ते खिशात मावणारं नव्हतं, हे तिला समजलं होतं. बायकांनी तिला वाट करून दिली. ती आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

बाहेर तो आवाज उठला, भरदार, सबंध, संक्रांतीपासून कोंडलेला. सगळं गाव थांबून ऐकेल असा. पहिला शब्द कळायच्या आत सत्यशीलानं दोन्ही कानांत बोटं घातली, घट्ट, दुखेपर्यंत, आणि ट्रंकेला पाठ लावून खाली बसली. सूर तरीही भिंतीतून येतच होता. शब्द मात्र तिनं एकही ऐकला नाही.